पायमशीन, टाच आणि टीबीची गोळी: सोरायटिक संधिवाताचं एक प्रकरण

सोरायसिस या त्वचारोगासोबत सांध्यांत दाह होतो, त्याला सोरायटिक संधिवात म्हणतात. हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातलं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे सुमनताई म्हणू.

पार्श्वभूमी

सुमनताई ४३ वर्षांच्या. तालुक्याच्या गावी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. लग्नसराईत त्यांना जेवायलाही उसंत नसायची. बाराएक वर्षांपूर्वी कोपरांवर आणि डोक्यात खवले धरू लागले. डोक्यातल्याला घरचे कोंडाच म्हणत. कोपर पाहून त्वचारोगतज्ज्ञांनी सोरायसिस सांगितला आणि मलम दिलं. मलम लावलं की खवले कमी व्हायचे, सोडलं की परत यायचे. ताईंना त्याची सवय झाली.

मग तीनेक वर्षांच्या काळात एकामागून एक तक्रारी आल्या आणि त्या वेगवेगळ्या दारांत गेल्या. हातांच्या नखांवर खड्डे पडले. ताईंच्या शब्दांत, "अंगुस्तान्यावर असतात तसे." त्यावर बुरशीच्या गोळ्या मिळाल्या. नखाचा तुकडा तपासायला कुणी पाठवला नाही. सकाळी उठल्यावर टाच टेकवेना, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, टाचेचं हाड वाढल्याचं सांगितलं, मऊ चपला वापरायला सांगितल्या आणि एकदा टाचेत इंजेक्शन दिलं. उजव्या हाताचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत एकसारखं सुजलं. रक्तात युरिक ॲसिड थोडं वाढलेलं निघालं, म्हणून ते कमी करायची गोळी सुरू झाली. सोरायसिसमध्ये युरिक ॲसिड एरवीही वाढलेलं सापडतं, हे त्या चिठ्ठीत कुठे आलं नाही. शेवटी आर. ए. फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी करतात ती रक्ताची चाचणी, तपासला. तो निगेटिव्ह आला आणि "तुम्हाला वात नाही" असं सांगून विषय मिटला. शेजारच्या बायका चिकुनगुन्याचं नाव घेत होत्या. आपल्या भागात २००६ च्या साथीपासून सांधा दुखला की तेच नाव आधी निघतं.

यातलं कुठलंच दार बेफिकीर नव्हतं. प्रत्येकाने आपल्यापुढे आलेला अवयव पाहिला. नखं, टाच, बोट आणि कोपर एकाच बाईचे आहेत, हे ज्याला दिसलं असतं असा माणूस त्या साखळीत नव्हता.

शेवटी कुणीतरी पुड्या सुचवल्या. कागदावर नाव नाही, घटक नाहीत, रोज दोन घ्यायच्या. आठवड्याभरात बोटं वळायला लागली. ताईंनी दोन महिने झपाटून काम केलं. मग पुड्या देणारा यायचा बंद झाला आणि तीन आठवड्यांत अंगभर सोरायसिस उसळला. पाठ, पोट, मांड्या सगळं लाल झालं. आमच्या रुग्णालयात त्या आल्या त्या या अवस्थेत, आणि तेही त्वचेसाठी. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असणं ही नवी गोष्ट नाही. सोरायसिसच्या माणसाचं स्टेरॉइड एकदम तुटलं की कातडी अशी पेटू शकते.

अडचण नेमकी काय होती

त्या दिवशी ओपीडीत त्वचारोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी अंगावरचे चट्टे मोजले, ते शरीराच्या साधारण पंधरा टक्के भागावर होते. मग त्यांनी विचारलं, "सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?" ताई म्हणाल्या, "चहा-नाश्ता होऊन भांडी घासेपर्यंत." म्हणजे तासाहून जास्त. त्याच दुपारी त्यांना संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथे नऊ सांधे दुखरे आणि सहा सुजलेले निघाले. दोन्ही टाचांच्या मागे, पोटरीची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) हाडाला चिकटते तिथे, बोट दाबलं की ताई पाय ओढून घेत. रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी २.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होता. सोरायटिक संधिवात मोजण्याच्या 'डॅप्सा' पद्धतीत दुखरे सांधे, सुजलेले सांधे, वेदना, रुग्णाला स्वतःला एकूण कसं वाटतं त्याचे गुण आणि सीआरपी यांची सरळ बेरीज करतात. ती ३२ च्या आसपास आली. २८ च्या वर गेलं की आजार तीव्र समजतात.

निदानासाठी २००६ पासून 'कॅस्पर' निकष वापरले जातात. सांध्यांत दाह असला आणि तीन गुण भरले की पुरतं. आत्ताचा सोरायसिस म्हणून दोन, नखांचा एक, अख्खं बोट सुजल्याचा एक, एक्स-रेत सांध्याकाठी नवं हाड दिसलं त्याचा एक. आणि आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह असल्याचाही एक. ज्या रिपोर्टवरून "वात नाही" असं सांगितलं गेलं होतं, तोच रिपोर्ट इथे आजाराच्या बाजूने मोजला जातो.

एक्स-रेत आणखी एक गोष्ट दिसली. उजव्या मधल्या बोटाच्या टोकाजवळच्या सांध्यात हाड कुरतडलं गेलं होतं. त्याच बोटाचं नख सगळ्यांत खराब होतं. बोट सरळ करणारी शीर जिथे हाडाला चिकटते, तिथूनच तिचे धागे नखाच्या मुळापर्यंत जातात, त्यामुळे हा योगायोग नव्हे. डब्लिनच्या संशोधकांच्या एका गटाने २०१५ मध्ये दाखवलं होतं की पहिल्या लक्षणापासून तज्ज्ञाकडे पोचायला सहा महिन्यांचा उशीर झाला तरी सांधे कुरतडले जाण्याचं आणि कामाची क्षमता घटण्याचं प्रमाण वाढतं. इथे तीन वर्षं गेली होती.

यात अडचणी दोन होत्या, आणि माझ्या मते दुसरी मोठी होती. पहिली आजाराची. दुसरी अशी की आता औषधं, तपासण्या आणि सल्ले पाच-सहा माणसांकडून येणार होते, त्यातली दोन तालुक्यात आणि बाकीची साठ किलोमीटरवर, आणि त्यांची गाठ घालून देणारं कुणी नव्हतं. 'बहुविद्याशाखीय टीम' म्हटलं की एका टेबलाभोवती बसलेले तज्ज्ञ डोळ्यांसमोर येतात. आमच्याकडे त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून एक दुपार येतात, आहारतज्ज्ञ अर्धवेळ आहेत आणि समुपदेशक सगळ्या विभागांना मिळून एक.

कोणते पर्याय समोर होते

मेथोट्रेक्सेट हा पहिला विचार. स्वस्त, आठवड्यातून एकदा, सांधे आणि कातडी दोन्हींवर काम करणारं. ताईंची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळे गर्भाला धोका हा एरवी पहिला येणारा प्रश्न सुटला. पण वजन ७४ किलो होतं, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसत होती आणि यकृताचं एक एन्झाइम थोडं वाढलेलं होतं. सोरायसिसच्या रुग्णांत मेथोट्रेक्सेट यकृताला जास्त त्रास देतं, त्यात ही चरबी. शिवाय टाचेसारख्या शिरा-हाडांच्या जोडांवर या औषधाचा भरवसा कमी.

सल्फासलाझिन आणि लेफ्लुनोमाइड या संधिवाताच्या दुसऱ्या गोळ्यांवर फार वेळ घालवला नाही. ॲप्रेमिलास्ट ही गोळी भारतात जेनेरिक मिळते आणि त्याला टीबीची तपासणी लागत नाही, पण इतक्या सुजेसाठी ते अपुरं वाटलं.

खरी चर्चा झाली ती पुढच्या पायरीची. त्वचारोगतज्ज्ञांचा कल सेक्युकिनुमॅब या इंजेक्शनाकडे होता. कातडी आणि नखांवर त्याचा गुण चांगला, आणि अंगात झोपलेला टीबी उफाळण्याची भीती टीएनएफ (दाह वाढवणारं एक प्रथिन) रोखणाऱ्या औषधांपेक्षा कमी. संधिवाततज्ज्ञ ॲडॅलिमुमॅबच्या, म्हणजे टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनाच्या, बाजूने होते. त्याची जगातली पहिली नक्कल-आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरमध्ये भारतातच आली आणि त्यामुळे किंमत मूळ औषधापेक्षा पुष्कळ उतरली. तिसरा पर्याय टोफासिटिनिबच्या गोळ्या, त्या याहून स्वस्त. दोन्ही तज्ज्ञांची कारणं खरी होती, आणि कागदावर हा वाद मिटण्यासारखा नव्हता.

तो मिटला सिस्टरांच्या प्रश्नाने. त्यांनी ताईंच्या यजमानांना विचारलं, "दादा, दर महिन्याला किती जमेल? एकदा नाही, वर्षभर." आकडा ऐकल्यावर सेक्युकिनुमॅबचा विषय संपला. राज्याची आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती बांधलेली आहे, त्यामुळे घरी घ्यायच्या इंजेक्शनाला तिचा हात लागला नाही. चार महिन्यांनी पैशाअभावी सुटणारं उत्तम औषध आणि वर्षभर चालणारं चांगलं औषध यांत मी दुसरं निवडेन. अर्धवट सोडलेल्या उपचारात पैसेही जातात आणि सांधेही.

काय केलं

सुरुवात मेथोट्रेक्सेटने केली, आठवड्याला १५ मिलिग्रॅम आणि सोबत फॉलिक ॲसिड. चिठ्ठीवर मराठीत "फक्त रविवारी" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि तालुक्याच्या केमिस्टलाही फोन केला. आठवड्याची गोळी रोज घेतली जाणं हा या औषधातला सगळ्यांत घातक गोंधळ आहे. तो डॉक्टर, केमिस्ट आणि रुग्ण यांच्यामध्ये कुठेही होऊ शकतो. पुड्यांमुळे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड दबलं नाही ना, यासाठी सकाळचं कॉर्टिसोल पाहिलं. ते ठीक होतं.

फिजिओथेरपिस्टकडे ताई गेल्या त्या टाचेच्या व्यायामासाठी. त्यांनी व्यायाम दाखवायच्या आधी विचारलं, "तुम्ही दिवसभर बसता कशा? करून दाखवा." ताईंनी खुर्चीत बसून पाय हलवले. मशीन पायाचं होतं. दिवसाचे सात-आठ तास पावलाने पट्टी दाबायची, म्हणजे पोटरीची शीर टाचेवर हजारो वेळा ओढायची. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला होता, आमच्या दोन तज्ज्ञांनी टाच दाबून पाहिली होती, आणि कुणीही मशीनबद्दल विचारलं नव्हतं. मशीनला मोटर बसवायचं ठरलं. खर्च एका इंजेक्शनापेक्षा कमी होता. कापडाची कात्री बदलली, आणि काजं-बटणं व हातशिलाईचं काम गावातल्या एका मुलीला द्यायचं ठरलं. शेवटचा सल्ला ताईंना आवडला नाही. "हात माझा बसलाय, गिऱ्हाईक माझ्याकडे येतं," असं त्या म्हणाल्या, आणि पुढचे काही महिने त्यांनी तो पाळला नाही.

सिस्टरांनी एक पान केलं. वर औषधांची नावं आणि वार, मध्ये त्या-त्या दिवसाचे आकडे, खाली पुढची तारीख आणि एक मोबाइल नंबर. हे पान ताईंच्या पिशवीत राहायचं आणि प्रत्येक डॉक्टरने त्यावरच लिहायचं. तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टरांनी ते मनापासून भरलं, हाडांच्या डॉक्टरांनी कधीच नाही.

बारा आठवड्यांनी कातडी बरीच शमली होती, पण डॅप्सा २२ वर अडकला होता आणि टाचा तशाच होत्या. इथे थांबायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं. ब्रिटनमधल्या 'टिकोपा' या चाचणीत, जी २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, एका गटाला दर चार आठवड्यांनी तपासून लक्ष्य गाठलं नसेल तर औषध वाढवलं, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे बारा आठवड्यांनी पाहिलं. पहिल्या गटाचे सांधे आणि कातडी दोन्ही जास्त सुधारले. दर चार आठवड्यांनी साठ किलोमीटर येणं ताईंना शक्य नव्हतं. म्हणून मधली तपासणी फॅमिली डॉक्टर करत आणि सांध्यांचे आकडे फोनवर कळवत.

ॲडॅलिमुमॅबच्या आधी टीबी पाहिला. ताईंच्या वडिलांना त्या लहान असताना टीबी झाला होता. मांटू चाचणीत (टीबीसाठी हाताच्या कातडीत टोचतात ती) १६ मिलिमीटरचा फुगवटा आला, छातीचा एक्स-रे स्वच्छ, खोकला-ताप नाही. म्हणजे झोपलेला संसर्ग. राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शनात टीएनएफ-विरोधी औषध घेणाऱ्यांना प्रतिबंधक उपचार देण्याची तरतूद आहे आणि तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो. आयसोनियाझिड रोज सहा महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. ताईंनी बारा डोसांचा मार्ग निवडला.

या निवडीने संधिवाताच्या औषधाची निवडही बांधली गेली. रिफापेंटिन यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा वेगवान करतं, आणि टोफासिटिनिब त्याच वाटेने मोडतं. दोन्ही सोबत दिली तर संधिवाताची गोळी पोटात जाईल आणि रक्तात पुरेशी टिकणार नाही. ॲप्रेमिलास्टचंही तेच. स्वस्त गोळ्यांचा रस्ता त्या तीन महिन्यांपुरता बंद झाला. ही गोष्ट टीबी केंद्राला माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि संधिवाताच्या ओपीडीत टीबीची गोळी कुठली मिळाली हे कुणी आपोआप विचारत नाही. इथे पिशवीतलं पान कामी आलं.

आता आठवड्याच्या गोळ्या दोन झाल्या. मेथोट्रेक्सेट रविवारी, टीबीची बुधवारी, असं ठरवलं. यकृतावर दोन्हींचा भार म्हणून मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅमवर आणलं आणि सुरुवातीला दर पंधरवड्याला रक्त तपासलं. कातडी परत उसळेल अशी हरकत त्वचारोगतज्ज्ञांनी घेतली आणि ती थोडीफार खरी ठरली, महिनाभर मलमावर काढावा लागला. टीबीचे उपचार सुरू होऊन महिना झाल्यावर पहिलं इंजेक्शन दिलं. पुढची इंजेक्शनं दर पंधरा दिवसांनी फॅमिली डॉक्टरांकडे घ्यायचं ठरलं, कारण त्यांच्या फ्रिजला इन्व्हर्टर होता आणि ताईंच्या घरी दुपारी वीज जायची.

निष्पत्ती

इंजेक्शन सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी एक सांधा दुखरा, एक सुजलेला, चट्टे दोन टक्क्यांवर, टाच जवळजवळ मोकळी आणि डॅप्सा साधारण ९, म्हणजे सौम्य आजार. कुरतडलेलं मधलं बोट टोकाशी वाकडंच राहिलं, ते आता सरळ होणार नाही. नखं सावकाश नवी येत होती.

या आजारात 'किमान सक्रियता' हे लक्ष्य मानतात. सात गोष्टींपैकी पाच जमल्या की ते गाठलं. ताईंच्या पाच जमल्या. ज्या दोन राहिल्या त्या त्यांनी स्वतः दिलेल्या होत्या: वेदना आणि एकूण कसं वाटतं. दोन्हींना त्यांनी दहापैकी तीन दिले. आमच्या तक्त्यात लक्ष्य पूर्ण आणि समोरची बाई म्हणते अजून बरं नाही. समुपदेशकांशी बोलताना निघालं की झोप लागत नाही, आणि लग्न-बारशाला जाणं त्यांनी अंगावर चट्टे आले तेव्हापासून सोडलं आहे. चट्टे बहुतेक गेले, पण त्या अजूनही जात नव्हत्या. औषध वाढवून हे सुटलं नसतं. म्हणून औषध तेच ठेवलं आणि समुपदेशन चालू ठेवलं.

वजन तीन किलो उतरलं. याहून जास्त उतरायला हवं होतं, पाच टक्क्यांपुढे गेल्यास औषधाचा गुण वाढतो. आहारतज्ज्ञांनी दिलेल्या तक्त्यात ओट्स आणि ब्रोकोली होती, त्याची घरी चेष्टा झाली. भाकरी-पिठल्याचा हिशेब मांडून तो परत करायला हवा होता, ते झालं नाही. मिश्रीही सुटली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी टीबी तपासला असता तर तिसऱ्या महिन्यातली वाट पाहणं वाचलं असतं, असं बैठकीत एकाने म्हटलं. ते अर्धं खरं आहे. पुड्यांमधल्या स्टेरॉइडनंतर लगेच केलेली मांटू चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि त्या निगेटिव्हवर विसंबून दिलेलं इंजेक्शन जास्त धोक्याचं ठरलं असतं. पण वडिलांच्या आजाराची विचारपूस आणि छातीचा एक्स-रे पहिल्या दिवशी व्हायला काहीच आड येत नव्हतं. ते आता आम्ही करतो. मांटू मात्र स्टेरॉइड बंद होऊन काही आठवडे गेल्यावर.

मोठी संधी त्याच्या कितीतरी आधी होती. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेचा सोरायसिसचा २०१३ चा दर्जा-निकष सांगतो की सोरायसिसच्या प्रत्येक माणसाला दरवर्षी सांध्यांबद्दल विचारावं. त्यासाठी 'पेस्ट' नावाची पाच प्रश्नांची यादी आहे: कधी सांधा सुजला का, संधिवात आहे असं कुणी सांगितलं का, नखांवर खड्डे आहेत का, टाच दुखते का, हाताचं किंवा पायाचं अख्खं बोट सुजलं होतं का. तीन "हो" आले की तज्ज्ञाकडे पाठवायचं. सुमनताईंचे तीन "हो" दोन वर्षं आधी झालेले होते, फक्त ते तीन वेगवेगळ्या केसपेपरवर होते.

परदेशी दर्जा-निकष जसेच्या तसे आपल्याकडे चालत नाहीत हे मला मान्य आहे. संयुक्त ओपीडी, चार आठवड्यांची फेरतपासणी, हाताशी मानसोपचारतज्ज्ञ, हे जिल्ह्याच्या ठिकाणीही अवघड. पण पाच प्रश्नांना ना इमारत लागते ना पैसा. त्वचारोगाच्या ओपीडीत आता त्यांचा मराठी शिक्का आहे, तो केसपेपरवर उठवला जातो. दुपारी गर्दी झाली की शिक्का उठतो आणि चौकोन रिकामे राहतात, हेही आम्ही पाहिलं आहे. म्हणून प्रश्न विचारायचं काम डॉक्टरांकडून काढून वजन घेणाऱ्या मावशींकडे दिलं. आता त्यात एक सहावा प्रश्न आहे: काम काय करता, बसून की उभ्याने, आणि मशीन कुठलं.

ताईंचा पुढचा प्रश्न सध्या टेबलावर आहे. वर्ष होत आलंय, इंजेक्शन तीन आठवड्यांवर नेता येईल का, असं त्या विचारतात. कारण पैशाचं आहे. संधिवाततज्ज्ञ तयार आहेत, त्वचारोगतज्ज्ञांना डोक्यातले चट्टे आधी पूर्ण जायला हवेत. दिवाळीच्या शिलाईचा हंगाम संपेपर्यंत अंतर वाढवायचं नाही आणि डिसेंबरमध्ये सांधे मोजून ठरवायचं, असं पानावर लिहिलं आहे.